कैलासवासी गीतकाराचं मानधन

न्हावऱ्यावरून दौंडकडे निघालं की डाव्या हाताला थोरलीवाडी लागते. तिथले रहिवासी श्री. ज्ञानू विठू कोळपे, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी मेंढरं आणि सध्या साडेतीन एकर ऊस, यांनी सन १९६९च्या जत्रेत एक गाणं रचलं. ही गोष्ट खरी असून तिला साक्षीदार आहेत. त्यातले बरेचसे वारले आहेत आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही, एवढीच काय ती अडचण. गावात त्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात. आपणही आप्पाच म्हणू, तेवढंच सोपं पडतं.

गाणं लग्नातलं होतं. 'हळू चाला वरमाई, घोंगडं अंथरलं' अशी त्याची सुरुवात. नवऱ्यामुलाची आई ठुमकत मांडवात येते, तिच्या पायाखाली मेंढक्या व्याह्यानं गालिचा म्हणून घोंगडं घातलेलं, ते तिला टोचतं, आणि पुढं सात कडवी ती कशी उड्या मारते याचं वर्णन. ढोलावर ते असं काही चढायचं की खुद्द वरमायासुद्धा पदर खोचून नाचायच्या.

आता आप्पांच्या ढोलकऱ्यांत एक जुनी रीत होती. गाणं ज्यानं रचलं त्यानं शेवटच्या कडव्यात नाव घालायचं ते गुरूचं. स्वतःचं नाव घालणं म्हणजे पंगतीत वाढप्यानं आधी आपलंच ताट वाढून घेणं. आप्पांना ढोल धरायला शिकवलं ते हरिबांनी. म्हणून गाण्याच्या शेवटी आलं, 'हरिबा सांगे गुणी, ऐका सारी पाहुणी'. हरिबांना स्वतःला हे गाणं फारसं पसंत नव्हतं. "लई लांबलंय," एवढंच ते म्हणाले होते. पुढं बाहत्तरच्या दुष्काळात ते गेले.

शहाण्णव साली पुण्याहून एक कॅसेटवाले आले, चार ढोलवाले जीपमध्ये घालून घेऊन गेले आणि महिन्याभरात शिरूरच्या एसटी स्टँडवर पंचवीस रुपयांना कॅसेट लागली. तिच्यावर छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'. हे पारंपरिक म्हणजे मोठं वस्ताद प्रकरण. महाराष्ट्रात सर्वांत जास्त गाणी त्यांच्याच नावावर आहेत, आणि इतकं लिहूनही ते कधी कुणाच्या दारात मानधन मागायला गेलेले नाहीत. कॅसेट कंपन्यांचा त्यांच्यावर भारी जीव.

गाणं मात्र सुटलं. घोडनदीच्या पुलाजवळच्या रसवंतीत ते लागायचं. सणसवाडीला बिहारकडची पोरं खोलीभाड्याच्या चाळीत त्याच्यावर नाचायची. वरमाई म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिला काहीतरी टोचलंय एवढं कळत होतं. दौंडच्या बँडवाल्यांनी तर ते क्लॅरिनेटवर बसवलं. आप्पा बाजाराला गेले की चहाच्या टपरीवर बसून आपलं गाणं ऐकायचे, चहाचे पैसे द्यायचे आणि समाधानानं घरी यायचे.

सगळं सुखात चाललं असतं, पण अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात लेकीचं, पूनमचं लग्न झालं. हळदीला टेपवर हेच गाणं लागलं. नाचून नाचून दमलेल्या विहीणबाई, म्हणजे कारेगावच्या सरूबाई, खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "कुणी केलंय बाई हे गाणं? त्याच्या तोंडात साखर पडू!"

आप्पांच्या कारभारीण अनसाबाई पन्हं घेऊन चालल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "आमच्यांनीच केलंय की!"

अख्खा मांडव हसला. सरूबाई तर डोळं पुसायला लागल्या. "व्हय का? मंग टेपबी तुमच्यांनीच केला आसंल!"

अनसाबाईंच्या हातातलं पन्हं लवंडलं. लेकीकडची बाजू, बोलायची सोय नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं, ते सातशे पानांच्या मांडवात म्हटलं. पाठवणी झाली, मांडव उतरला, आणि चौथ्या दिवशी त्या आप्पांपुढं उभ्या राहिल्या.

"कागद आणा."

"कसला?"

"गाणं तुमचं हाय म्हून. शिक्क्याचा. फुडल्या साली धोंड्याच्या म्हयन्यात जावय जेवाया यील, संगं ईहीन यील. तवर कागद भिताडाला लागला पायजे."

"आन् न्हाई घावला तर?"

"तर धोंडं तुम्हीच तळा."

आप्पांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की असे कागद देणारी एक संस्था आहे. तिचं नाव 'शब्द-स्वर हक्कपालक महासंघ', मुख्य कार्यालय मुंबई, आणि शिरूरला एसटी डेपोसमोर खतांच्या दुकानाच्या माडीवर तिची तालुका कचेरी. कचेरीत तालुका प्रतिनिधी बबनराव बसायचे. पूर्वी ते मार्केट यार्डात कांद्याच्या वजनाच्या पावत्या फाडायचे. पावत्या फाडण्याचा अनुभव दांडगा म्हणून महासंघानं त्यांना घेतलं होतं.

"बसा आप्पा," बबनराव म्हणाले. "कोणतं हाटेल तुमचं?"

"हाटेल न्हाई सायेब. गाणं हाय माझं."

बबनराव बुचकळ्यात पडले. दोन वर्षांत या जिन्यावरून जो चढला तो 'आमच्यात गाणं वाजत न्हाई' हेच सांगायला चढला होता. गाणं करणारा माणूस येईल याची तरतूदच कचेरीत नव्हती. त्यांनी हॉटेलसाठीचाच अर्ज काढला, 'उपाहारगृह' हा शब्द खोडून वर 'गीतकार' लिहिलं आणि विचारलं, "आसनक्षमता?"

"म्हंजी?"

"एका वेळी किती माणसं बसतात?"

"खाटंवर दोन बसत्यात. पावना आसला तर तीन."

बबनरावांनी तीन लिहिले. मग आप्पांनी विचारलं म्हणून त्यांनी महासंघाचं काम समजावून सांगितलं. गाणं कुठंही चारचौघांत वाजलं की वाजवणाऱ्यानं महासंघाला परवाना-शुल्क द्यायचं. महासंघ ते लिहिणारा, चाल लावणारा आणि कंपनी यांच्यात वाटतो.

"बरी रीत हाय," आप्पा म्हणाले. "आजपतुर कुणाकुणाला वाटलं?"

"मी वसुली विभाग. वाटप विभाग वेगळा, तो मुंबईला असतो."

"न्हाई, मला पैसं नगंच. निस्ता कागद द्या, गाणं माझं हाय म्हून."

बबनरावांनी लेखणी खाली ठेवली. पैसे मागणाऱ्यासाठी नियम होते, नकार देण्याचे अकरा प्रकार होते. पैसे नको म्हणणाऱ्यासाठी काहीच नव्हतं. त्यांनी अर्जाच्या समासात 'हेतू संशयास्पद' अशी नोंद केली. मग टेबलाच्या खणातून कॅसेट काढली आणि तपासणीसाठी टेप लावला. सात कडवी ऐकली. पायाचा ठेका धरून ऐकली, हेही सांगायला हवं. आठव्या कडव्याला 'हरिबा सांगे गुणी' आलं, आणि त्यांनी टेप बंद केला.

"आप्पा, इथं तर गीतकाराचं नाव स्पष्ट आहे. हरिबा."

"आवं, हरिबा माझं गुरू! आमच्यात गुरूचंच नाव घालत्यात."

"म्हणजे तुम्ही हक्क गुरूंच्या नावे करून दिलात. कागद केला होता?"

"गुरूला कोण कागद करून देतंय?"

"मग तोंडी दिलात. दर जत्रेला, हजार माणसांपुढं, ते पण चालीत! आहो, एवढा भक्कम पुरावा कोर्टात मिळत न्हाई."

बबनराव मनानं वाईट नव्हते. आप्पांचा पडलेला चेहरा बघून त्यांनी नियमावली उलटीपालटी केली आणि त्यांना वाट सापडली. गीतकार टोपणनावानं लिहीत असेल तर नियम सातप्रमाणे ते चालतं. आप्पांनी वीस रुपयांच्या स्टँपपेपरवर एवढंच लिहून द्यायचं, की हरिबा हे माझंच टोपणनाव असून त्या नावाचा इसम कधी अस्तित्वातच नव्हता. संध्याकाळच्या आत शिक्क्याचा कागद हातात.

स्टँपपेपर खालीच मिळत होता. आप्पा जिना उतरले, वीस रुपये मोजले, कागद घेतला, टंकलेखकाच्या खुर्चीसमोर बसलेसुद्धा. अनसाबाईंचा लवंडलेला पेला त्यांच्या डोळ्यांपुढं होता. आणि त्याच वेळी आठवलं, की पहिल्यांदा ढोल गळ्यात घातला तेव्हा पट्टा खांद्याला कापायचा म्हणून हरिबांनी स्वतःच्या मुंडाशाची चिंधी फाडून पट्ट्याखाली घातली होती. टंकलेखक म्हणाला, "बोला, काय टायपू?" आप्पा कागद घेऊन उठले. ते पुन्हा माडीवर आले आणि कोरा कागद टेबलावर ठेवला.

"ज्या माणसानं मला हातात टिपरू धरायला शिकवलं, तो नव्हताच आसं लिवून देऊ? जीभ झडंल माजी. दुसरी वाट सांगा."

दुसरी वाट लांबची होती. बबनरावांनी पन्नास छापील वादनपत्रकं दिली. ज्यांच्याकडे गाणं वाजतं त्यांच्याकडून लिहून आणायचं: अमुक गाणं, थोरलीवाडीच्या आप्पांचं म्हणून, दिवसातून इतक्या वेळा वाजवतो. खाली सही.

आप्पा निघाले. पहिलं हॉटेल पुणे-नगर रस्त्यावरचं. लांबूनच गाणं ऐकू येत होतं, तिसरं कडवं चाललेलं. आप्पांनी पिशवीतून पत्रक काढलं मात्र, मालकानं झडप घालून टेप बंद केला.

"वाजतंय की तुमच्याकडं, मी ऐकलं!"

"कुठं? भास झाला आसंल. आमच्यात फक्त भजनं लागत्यात, ती बी मनातल्या मनात."

मालकाचं काही चुकत नव्हतं. वाजतं म्हणून सही केली की दुसऱ्या दिवशी बबनराव पावतीपुस्तक घेऊन हजर. ही बातमी आप्पांच्या पुढं धावायला लागली. पांढरा फेटा आणि खाकी पिशवी दिसली की टेप बंद. रसवंतीवाल्यानं कॅसेट उसाच्या चिपाडात दडवली. सणसवाडीच्या पोरांनी "चाचा आ गया" म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. दौंडचे बँडवाले वरात थांबवून उभे राहिले, ते आप्पा कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत; नवरदेव घोड्यावर नुसताच बसून. दिवाळीपर्यंत शिरूर ते दौंड या पट्ट्यात आप्पांचं गाणं वाजेनासं झालं. तीस वर्षं जे गाणं कुणालाच थांबवता आलं नव्हतं, ते खुद्द कर्त्यानं पायी फिरून बंद पाडलं.

"एकही पत्रक न्हाई?" बबनराव म्हणाले. "मग असं दिसतं, की गाणं वाजतच न्हाई."

"आवं, तुमच्या पायीच थांबलंय!"

"आणि समजा वाजलं असतं, तरी मोजणी मुंबईलाच होते. तिथली मोठी हॉटेलं आणि रेडिओ यांचा नमुना घेतात, त्यावरून सगळ्या महाराष्ट्रात काय वाजतं ते ठरतं. नमुन्याप्रमाणे शिरूर तालुक्यात लोक प्रामुख्यानं इंग्रजी पियानो ऐकतात."

"च्या शिरूरला प्यायचा आन् कप मुंबईत मोजायचं?"

"शास्त्रीय पद्धत आहे, आप्पा."

मात्र एक झालं. या सगळ्या पत्रव्यवहारात हरिबा हे नाव मुंबईला पोचलं. वाटप विभागाच्या लक्षात आलं की एक गीतकार आहे, त्याचं मानधन थकलं आहे आणि तो न्यायला येत नाही. असा माणूस महासंघाला फार मोलाचा. हरिबांच्या नावे खातं उघडलं गेलं. 'हरिबा शोध मोहीम' मंजूर झाली. बबनरावांना जीप मिळाली, प्रवासभत्ता मिळाला, आणि त्यातून जे उरलं त्यात हरिबांना एक नोंदणीकृत पत्र गेलं. 'आपण हयात असल्यास हयातीचा दाखला सादर करावा. हयात नसल्यास समक्ष येऊन तसे कळवावे.'

पोस्टमननं ते आप्पांना आणून दिलं, कारण हरिबांच्या नावावर सही करणारं वाडीत दुसरं कुणी नव्हतं. आप्पांनी उत्तर लिहिलं, हरिबा सव्वीस वर्षांपूर्वी वारले. महासंघानं तत्परतेनं नावामागं 'कैलासवासी' लावलं आणि ठरवलं की अशा उपेक्षित गीतकाराचा मरणोत्तर गौरव करायचाच. समारंभ दौंडला ठेवला. मुंबईचे साहेब सकाळच्या गाडीनं उतरून संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ शकतील, एवढ्याच एका कारणासाठी हरिबा दौंडचे भूमिपुत्र ठरले.

एप्रिल नव्व्याण्णव. दौंडात कार्यालय भाड्यानं घेतलेलं, मागं बॅनर, मधोमध रिकामी खुर्ची. हरिबांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून खुर्चीलाच हार घातला आणि शाल पांघरली. अध्यक्षांनी चाळीस मिनिटं भाषण केलं. कलावंताचं नाव पुसलं जाऊ नये, हीच महासंघाची तळमळ, असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुणीतरी म्हणालं, गाणं तर व्हायला हवं. बबनरावांनी आप्पांना पुढं ओढलं. "हरिबांचे शिष्य आहेत, यांना येतं."

आप्पांनी ढोल गळ्यात घातला. सहा महिने गाणं कुठं ऐकलंच नव्हतं. छातीत दाटून राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्यांनी गाणं असं म्हटलं, की साहेबांच्या चपलासुद्धा हलायला लागल्या. शेवटच्या कडव्यापाशी क्षणभर मनात आलं, इथं, या सगळ्यांपुढं, एकदाच आपलं नाव घालावं. समोर रिकाम्या खुर्चीवर शाल होती. 'हरिबा सांगे गुणी,' आप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ बबनरावांनी हरिबांच्या वतीनं स्वीकारला.

खाली उतरल्यावर बबनरावांनी त्यांना बाजूला घेतलं. हातात पावतीपुस्तक होतं.

"आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. जाहीर कार्यक्रमात, दुसऱ्याच्या मालकीचं गाणं, विनापरवाना. एकशे एक्कावन्न रुपये."

"तुम्हीच म्हणाया लावलं की वो!"

"लावलं ते सांस्कृतिक विभागानं. मी वसुली."

आप्पांनी भांडण केलं नाही. शेंगा विकून आलेल्या पैशातनं एकशे एक्कावन्न मोजून दिले. बबनरावांनी पावती फाडली, गोल शिक्का मारला, लफ्फेदार सही केली. आप्पांचं नाव त्यांनी अगदी अचूक लिहिलं, बापाच्या नावासकट, काना-मात्रेची चूक नाही. दंड भरणाऱ्याचं नाव कोणतीही कचेरी चुकवत नाही.

घरी येऊन आप्पांनी पावती अनसाबाईंच्या पुढं ठेवली आणि खरं काय ते सगळं सांगितलं. कागद मिळाला नाही, वर दंड झाला. गाणं सरकारदरबारी कायमचं हरिबांचं. अनसाबाईंनी कागद उलटसुलट केला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्याच्यावर तुमचं नाव हाय का?"

"हाय."

"गाण्याचं?"

"तेबी हाय."

"दोनी येकाच कागदावर हायती?"

"हायती की."

"शिक्का?"

"ह्यो काय, गोल."

"मंग झालं," अनसाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याहून काचेची चौकट आणली.

मे निम्मा सरला आणि धोंड्याचा महिना लागला. जावई आले, पूनम आली, सरूबाई आल्या. ओटीवर पाऊल टाकताच त्यांना खंडोबाच्या तसबिरीशेजारी चौकट दिसली.

"ह्यो कशाचा कागुद, ईहीणबाई?"

"गाण्याचा. दौंडाला मोठी सभा झाली, मुंबैचं सायेब आलं हुतं. त्यांनी दिला."

सरूबाईंनी शिक्क्यावरनं बोट फिरवलं. "खराच की वो शिक्का! मांडवात मी हासले बया. पोटात ठिवू नका." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. जावई दहावी पास. ते चौकटीजवळ गेले, 'दंडापोटी रोख मिळाले' इथपर्यंत त्यांनी वाचलं, आणि सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे जमिनीकडं बघत होते. अनसाबाईंनी जावयाच्या ताटात आणखी दोन धोंडे वाढले आणि वर तुपाची धार धरली. जावई समजूतदार, त्यांनी घास घेतला आणि पुढचं वाचलं नाही.

"पर ईहीणबाई," सरूबाई म्हणाल्या, "आमच्यांनी, आमच्यांनी, आसं किती दिस? गाणं करणाऱ्याचं नाव तर घ्या येकदा!"

अनसाबाई लाजल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात घेतलं होतं तेवढंच. मग पदर सावरून, चौकटीकडं बघत, ओटीबाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी उखाणा घेतला,

"दौंडाहून आला कागद, शिक्का त्याचा गोल,
………रावांच्या गाण्यावर वाजतो घरोघर ढोल!"

आप्पांनी मान वर केली. तीस वर्षांत त्या गाण्याशेजारी त्यांचं नाव कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि त्यांना ते ऐकायला मिळालं होतं.

उखाण्यातली जागा आम्ही मुद्दाम गाळली आहे. ते नाव या कथेच्या पहिल्याच परिच्छेदात, बापाच्या नावासकट, वयासकट आणि उसाच्या क्षेत्रफळासकट दिलेलं आहे. वाचकांनी आता वर न बघता ती जागा भरावी. हरिबा लगेच आठवले ना? अध्यक्षसाहेबांच्या डोळ्यांतलं पाणीही आठवलं असेल. बबनरावांच्या मदतीला शिरूरच्या कचेरीत एक जागा रिकामी आहे. ज्यांना नाव आठवलं नाही त्यांनी अर्ज करायला हरकत नाही, अनुभवाचा दाखला लागणार नाही.